चौकशीकाकांची चौथी कवळी

कवळी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा चौकशीकाकांनी डबी उघडूनसुद्धा पाहिली नाही. निळ्या प्लॅस्टिकची डबी, तिच्यावर रबर बँड आणि रबर बँडखाली डॉक्टरांची चिठ्ठी. ‘बसते उत्तम. चावता येते. बोलता येत नाही. पुन्हा पाहावे.’ काकांनी चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर ढकलला आणि तळहातांनी डोळे दाबून बसून राहिले. पुन्हा पाहावे म्हणे! काय पाहावे? कवळी बनवणाऱ्याला दिसतो तो प्लॅस्टरचा साचा. ज्या तोंडात ती कवळी जायची, ते तोंड त्याला जन्मात दिसत नाही.

हा धंदाच तसा आहे. डॉक्टर दवाखान्यात हिरड्यांचं माप घेतात, मापावरून साचा भरला जातो आणि तो साचा चिठ्ठीसकट तिसऱ्या मजल्यावरच्या या कारखान्यात येतो. इथे साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात रोवायचा, मग मेण उकळून काढून टाकायचं आणि त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरून गरम पाण्यात शिजवायचं. शेवटी घासायचं, पुन्हा घासायचं आणि फिरत्या ब्रशाखाली धरून चमकवायचं. काका हे सदतीस वर्षं करत होते. गावात कितीतरी माणसं काकांच्या दातांनी हसत होती, पण त्यातलं एकही माणूस त्यांना ओळखत नव्हतं. ओळखलं असतं तरी रस्त्यात मिठी मारली असती असं नाही. आपली कवळी आहे हे चारचौघांत कोण कबूल करतो?

चौकशीकाका हे नाव कारखान्यानेच ठेवलेलं. आधी ‘चौकशी खिडकी’ होतं. स्टेशनवर असते तशीच, फरक इतकाच की स्टेशनवरच्या खिडकीला लोक येऊन विचारतात आणि ही खिडकी स्वतःच उठून लोकांना विचारत फिरायची. काम सुटल्यावर काका सरळ घरी गेले असं वर्षानुवर्षं झालं नव्हतं. पाव भाजणाऱ्याच्या दारात उभे राहून विचारणार, भट्टीतून काढलेला पाव लगेच का कापत नाहीस? घड्याळजीला विचारणार, इतका बारीक स्क्रू खाली पडला तर शोधतोस कसा? गटार बांधणाऱ्या गवंड्याला, बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला, पुलाला रंग देणाऱ्याला, सगळ्यांना काका एकदा तरी भंडावून आले होते. सुरुवातीला लोकांना वाटायचं हा माणूस सरकारी तपासनीस आहे. मग वाटायचं रिकामटेकडा आहे. मग हार मानून ते सांगायला लागायचे.

आणि त्यातून काय मिळायचं? पाववाल्याने सांगितलं, गरम कापला तर आतून खचतो, त्याला त्याच्या वेळेने निवू द्यावं लागतं. त्या दिवसापासून काका आपल्या कवळ्या शिजवल्यावर रात्रभर त्याच पाण्यात निवत ठेवायला लागले आणि त्यांच्या कवळ्या वाकायच्या बंद झाल्या. नाटकाचे टोप बनवणाऱ्याने सांगितलं, कपाळावरची केसांची रेघ सरळ लावली की शेवटच्या रांगेतूनही कळतं टोप आहे म्हणून. दोन केस मुद्दाम चुकवायचे. काकांनी दुसऱ्याच दिवशी खालच्या रांगेतला एक दात केसभर तिरका बसवला. काकांची कवळी ओळखू येत नाही, असं दवाखान्यांमधून बोललं जायचं ते त्या तिरक्या दातामुळे. हे कुठे शिकलात असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, ‘टोपवाल्याकडे.’ ऐकणाऱ्याला वाटायचं, आपल्यालाच टोपी घालतायत.

पण ही सगळी जुनी गोष्ट. गेल्या दोनेक वर्षांत खिडकी बंद पडली होती. नेमकी कधी, ते काकांनाही सांगता आलं नसतं. थोरले मालक गेले, धाकट्या मालकांनी दिवसाच्या चार कवळ्यांच्या सहा केल्या, गुडघे कुरकुरायला लागले आणि जिना काही तीन मजल्यांचा दोन झाला नाही. काम सुटलं की काका घरी. एकदा वाटेत भलाथोरला खड्डा खणलेला होता, आत चार माणसं कसली तरी नळी जोडत होती. पूर्वीचे काका खड्ड्यात उतरले असते. हे काका चिखल चुकवत कडेने निघून गेले. तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाची चव जाते, तशी त्यांची जगाची चव गेली होती. दात बसवायचे, हात धुवायचे, घरी जाऊन पडायचं.

या कवळीचंही तसंच झालं. पहिल्यांदा परत आली तेव्हा काकांना वाटलं, जीभ कुठेतरी अडकत असेल. त्यांनी टाळूचा भाग थोडा पातळ केला आणि आणखी घासला. दुसऱ्यांदा आली तेव्हा नवीच केली आणि इतकी घासली, की पॉलिशच्या टेबलावरचा चकचक म्हणाला, “काका, हिच्यात बघून भांग पाडता येईल.” चकचक हे त्या पोराचं नाव नव्हे. पोरही नव्हे खरं तर, दोन मुलांचा बाप होता. पण ब्रशाखाली आलेली प्रत्येक वस्तू, मग ती कवळी असो की चहाचा चमचा, चमकवल्याशिवाय तो सोडायचा नाही, म्हणून चकचक. शेवटचा हात तर तिच्यावर त्याने स्वतःच फिरवला होता. तीही आता समोर येऊन पडली होती.

धाकटे मालक टेबलाशी येऊन उभे राहिले. “पुन्हा तीच? सोडा हो काका. म्हातारीचे नखरे असतील. आमच्याकडून होत नाही म्हणून कळवून टाकतो.”

“बरं,” काका म्हणाले. सदतीस वर्षांत ‘होत नाही’ हे त्यांनी ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं, आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही याचंच त्यांना वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी अडीचच्या सुमाराला दारात एक म्हातारी उभी राहिली. लहानखुरी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून गुंडाळलेलं वर्तमानपत्र डोकावत होतं. जिन्याने तिचा जीव काढला होता. बराच वेळ नुसती चौकट धरून उभी होती.

“माझे दात इथे कोण करतं?”

सहा टेबलांवरची सहा डोकी वर झाली. त्या कारखान्यात आजवर कधी तोंड आलं नव्हतं. चकचकने हातातल्या ब्रशाने काकांकडे खूण केली.

काकांनी स्टूल पुढे केलं. बाई बसल्या, दम खाल्ला, पिशवीतून काचेचा पेला काढून टेबलावर ठेवला, मग डबीतली कवळी उचलून सगळ्यांदेखत तोंडात बसवली. “आता ऐका,” त्या म्हणाल्या, आणि बोलायला लागल्या. प्रत्येक ‘स’ला बारीक शिट्टी वाजत होती. ‘त’ आणि ‘न’ चिखलात पाय रुतल्यासारखे निघत होते. जीभ जागा शोधत होती आणि तिला ती सापडत नव्हती. दोन वाक्यांत बाई दमल्या. कवळी काढून पेल्यात टाकली आणि पुढचं सगळं बोळक्या तोंडानेच सांगितलं.

“एकवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी. ‘थांबा, जोडते,’ दिवसातून हजार वेळा. आमचे हे एका गोदामात होते. रोज फोन लावायचे. दोन वर्षं नुसता आवाज ऐकला त्यांनी माझा, तोंड मग पाहिलं. तोंड पाहून थोडे हिरमुसलेच.” बाई हसल्या. “आता नऊ वर्षं झाली त्यांचे डोळे जाऊन. म्हणजे तोंडाचा प्रश्न मिटला. आवाज तेवढा उरला होता. रोज दुपारी पेपर वाचून दाखवायचे मी. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ‘भाड्याने देणे आहे’च्या जाहिरातींसकट. त्यांना त्याच आवडतात. कुठली खोली कशी असेल, खिडकी कुठे असेल, यावर तासभर बोलत बसायचे.”

“मग?”

“मग माझे उरलेले दात काढले आणि हे नवे दात आले. पहिल्या दिवशी वाचलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाचलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, राहू दे आता. आणि रेडिओ लावला. चार महिने झाले. चार महिन्यांत एक ओळ वाचू दिलेली नाही मला.” बाईंनी पेल्यातल्या कवळीकडे पाहिलं. “मला चावायला नकोत हो दात. मी मऊ खाईन. मला माझं वाचणं परत हवंय.”

पूर्वीचे काका असते तर बाईंवर चाळीस प्रश्नांची सरबत्ती झाली असती. या काकांनी एकच विचारलं. “कधीपर्यंत हवी?”

“मी चौऱ्याहत्तरची. ते एक्क्याऐंशीचे. तुम्हीच ठरवा.”

काकांनी पुढच्या शुक्रवारचा वायदा केला. का केला, ते त्यांना कळलं नाही. धाकटे मालक काचेच्या केबिनमधून बघत होते. बाई गेल्यावर म्हणाले, “ठीक आहे काका, ही चौथी. शुक्रवारी जमलं नाही तर मी कळवून मोकळा होणार.”

शनिवारी काम लवकर सुटलं आणि काका कितीतरी दिवसांनी घराच्या उलट्या दिशेला चालायला लागले. वाऱ्याची शिट्टी कुठून निघते ते बँडवाल्याला ठाऊक असणार, असा काहीतरी अंधुक विचार होता. बँडच्या वाद्यांच्या दुकानाला कुलूप होतं आणि कुलपावर धूळ. शेजारच्याने सांगितलं, ते वारले, झालं की वर्ष. पाववाल्याकडे गेले. म्हाताऱ्याच्या जागी त्याचा मुलगा होता, आणि भट्टीच्या जागी कपाटाएवढं यंत्र. काका दारात उभे राहिले. मुलगा म्हणाला, “काय हवंय काका?” काकांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की विचारायला प्रश्नच नाही. पूर्वी प्रश्न आधी यायचा आणि पाय मागून. आता नुसते पाय आले होते. त्यांनी एक पाव घेतला आणि समोरच्या पायरीवर बसून कोरडाच खाल्ला. आपण संपलो, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं. रडू वगैरे आलं नाही. फार दमल्यासारखं झालं, इतकंच.

रविवारी काका पलंगावर पडून होते. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी काकू पडदे शिवत बसलेल्या. हॉटेलांचे, ऑफिसांचे, दवाखान्यांचे पडदे. लांब शिवण मशीनवर व्हायची, पण खालची मुडप हाताने घालावी लागे, आणि ती काकू सव्वीस वर्षं घालत होत्या. काका रोज बाहेरून काही ना काही ऐकून यायचे, गवंड्याचं, घड्याळजीचं, आणि काकूंना रंगवून सांगायचे. काकू ऐकत ऐकत शिवायच्या. जगभर उघडणारी ही खिडकी घराच्या बाजूला मात्र कधी उघडली नव्हती. काकूंनी ते एकदोनदा बोलूनही दाखवलं होतं, पण काका हसले होते.

“मेलं हे साटीन,” काकू पुटपुटल्या. मांडीवर निळा, चमकदार, घसरता पडदा होता.

काका छताकडे बघत होते. मान वळली म्हणून त्यांची नजर काकूंवर गेली. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. सुई खाली चालू होती. काका बघत राहिले. सुई चालत होती, मध्येच बोट जरा मागे-पुढे फिरत होतं, कशाला तरी लागत होतं आणि पुन्हा सुई पुढे. काकूंनी एकदाही खाली पाहिलं नाही.

“अगं, तू शिवताना बघत नाहीस?”

सुई थांबली. “सव्वीस वर्षांत आज दिसलं?”

“नाही, म्हणजे, खाली न बघता कशी शिवतेस?”

“आज खिडकी घरात उघडली वाटतं,” काकू म्हणाल्या. पण काका उठून बसलेले बघून त्यांनी सांगायला सुरुवात केली. “डोळ्यांनी दिसतंय कुठे एवढं बारीक. मोतीबिंदू आहे म्हणाले ना डॉक्टर. सांगितलं होतं तुम्हाला.”

काकांना आठवेना. त्यांनी मान खाली घातली.

“मग मी बोटाने शिवते. सुती कापडाचा पोत लागतो बोटाला. आपण कुठे आहोत ते बोटाला कळतं. पण हे साटीन म्हणजे नुसतं तेल. बोट हरवतं त्याच्यावर. मागच्या महिन्यात दोनदा तिरकी गेली शिवण, उसवत बसले. म्हणून आता वीत-वीतभरावर जाड दोऱ्याचा टाका आधी घालून ठेवते. हे बघा, हात फिरवा. बोट टाक्याला लागलं की कळतं, इथवर आलो, इथे वळायचं. काम झालं की टाके काढून टाकायचे.”

काकांनी पडद्याच्या काठावरून बोट फिरवलं. गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत, मग टाका. पुन्हा गुळगुळीत. आणि बोट फिरत असताना त्यांची जीभ आपोआप वर गेली आणि टाळूला लागली. पुढच्या दातांच्या लगेच मागे, उतरणीवर, तीन-चार वळ्या होत्या. खरखरीत, वाकड्यातिकड्या. साठी आली तरी काकांचे स्वतःचे दात शाबूत होते आणि त्या दातांमागे या वळ्या इतकी वर्षं होत्या, आणि काकांनी त्यांची कधी विचारपूस केली नव्हती. त्यांनी हळूच म्हणून पाहिलं, “स. स. त. न. स.” प्रत्येक वेळी जीभ त्या वळ्यांपाशी जाऊनच वळत होती.

“काय झालं?” काकू म्हणाल्या. “साप चावला का?”

“तेल,” काका म्हणाले. “तीनदा तेल ओतलं मी त्या बाईच्या तोंडात.”

सोमवारी काकांनी टेबलावर प्लॅस्टरचा साचा घेतला आणि त्याच्याकडे नव्याने पाहिलं. बाईंच्या टाळूच्या वळ्या साच्यावर अगदी स्पष्ट उमटलेल्या होत्या. कवळीवरही त्या उमटायच्या, पण आतल्या अंगाला, टाळूला चिकटणाऱ्या. ज्या अंगाला जीभ लागते ते अंग घासूनपुसून आरसा करायचं, हीच तर कारागिराची शान. ते जितकं चमकेल तितका कारागीर मोठा, असं काका शिकले होते आणि पुढच्या सहा जणांना त्यांनीच शिकवलं होतं. म्हणजे बाई बोलू शकल्या नाहीत म्हणून काकांनी आणखी घासलं, आणि आणखी घासलं म्हणून बाईंना आणखी बोलता येईना. शहाणपणाच्या नावाखाली किती वेडेपणा करता येतो!

चकचकच्या चॉकलेटवरचा चंदेरी कागद त्यांनी मागून घेतला. साच्यावर ठेवून अंगठ्याने दाब दाब दाबला, तेव्हा वळ्या कागदावर उठल्या. त्या खुणेवरून मेणात पुन्हा तशाच वळ्या घडवल्या, जिभेच्या बाजूला. मंगळवारी ॲक्रिलिक भरून शिजवलं, पाववाल्याच्या रीतीने निवत ठेवलं. बुधवारी सकाळी कवळी बाहेर काढली आणि लाकडी काडीला कापूस गुंडाळून वळ्यांमधून हाताने साफ केली. तेवढंच करताना हात वळवळत होते, ब्रशाकडे धाव घेत होते. सदतीस वर्षांची सवय ती. काकांनी हात आवरले, कवळी टेबलावर ठेवली आणि जेवायला खाली गेले.

परत आले तेव्हा कवळी टेबलावरच होती. फक्त चमकत होती.

“काका, टाळूचं पॉलिश राहिलं होतं तुमचं,” चकचक म्हणाला. “हल्ली दमता तुम्ही. म्हटलं करून टाकू.” त्याच्या चेहऱ्यावर इतकं प्रेम होतं, की त्याला बोलायचं तरी काय?

काकांनी कवळी उचलली. वळ्या गेल्या होत्या. त्या गुलाबी आरशात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, डोळ्यांखाली पिशव्या आलेलं, आणि ते बघून त्यांना त्या तोंडाचा कंटाळा आला. “छान केलंस,” ते म्हणाले. खुर्चीत बसले. धाकटे मालक जाता जाता म्हणाले, “झाली ना? द्या पाठवून.” काकांनी डबी ओढली, कवळी आत ठेवली. रबर बँडही चढवला. आता कुणी काही म्हणणार नव्हतं. बाई पेल्यात टाकतील, म्हातारा रेडिओ ऐकेल, आणि एवढ्या तेवढ्यासाठी पुन्हा दोन दिवस पाठ मोडून घ्यायची या वयात काय गरज होती?

मग त्यांना वाटलं, या पोराला आपण सांगितलंच नव्हतं. आणि त्याने विचारलं नव्हतं. दोघं सहा हातांच्या अंतरावर बसतो.

“चकचक, इकडे ये. जीभ वर लाव.”

“काय?”

“टाळूला लाव जीभ. दातांच्या मागे. काय लागतं?”

चकचकने जीभ लावली. त्याचं बघून शेजारच्याने लावली. थोड्या वेळात सहा टेबलांवरची सहा माणसं तोंडात जिभा फिरवत ‘स, त, न’ करत बसली होती आणि केबिनच्या काचेला नाक लावून धाकटे मालक बघत होते. कारखाना आहे की बालवाडी, असं त्यांना वाटलं असल्यास नवल नाही.

“काका,” चकचक हळू आवाजात म्हणाला, “हे आपण रोज घासून टाकतो?”

“रोज,” काका म्हणाले.

साचा तुटतो म्हणून काका नेहमी दोन भरून ठेवत. दुसरा काढला. दात पुन्हा रोवायला त्या दिवशी चकचक हाताशी बसला. त्याने पंचवीस प्रश्न विचारले आणि काकांनी सगळ्यांची उत्तरं दिली. गुरुवारी शिजवलं, शुक्रवारी सकाळी काढलं. वळ्या चकचकने स्वतः साफ केल्या, काडीने, ब्रशाकडे पाठ करून.

दुपारी बाई आल्या. कवळी तोंडात बसवली, ओठ मिटले. जीभ आत फिरताना गालांवरून कळत होती. फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

“थांबा, जोडते,” बाई म्हणाल्या.

शिट्टी नव्हती. स्वच्छ, नीट, जरा अधिकारवाणीचा आवाज. बाई मात्र उठल्या नाहीत. पिशवी घट्ट धरून बसून राहिल्या.

“घरी चला माझ्याबरोबर,” त्या काकांना म्हणाल्या. “त्यांनी पुन्हा राहू दे म्हटलं तर एकटीने ऐकवणार नाही मला.”

काकांनी गुडघ्यांचा विचार केला, जिन्याचा केला, आणि गेले.

तळमजल्यावरची खोली होती. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसलेले म्हातारे, शेजारी रेडिओ. रेडिओवर कुणीतरी खतांविषयी सांगत होतं. बाईंनी काकांना खुणेने पलंगावर बसवलं, स्वतः स्टुलावर बसल्या, पेपर उघडला. पहिलं पान नाही. एकदम मागचं.

“भाड्याने देणे आहे,” बाईंनी वाचलं. “स्टेशनजवळ, दुसरा मजला, दोन खोल्या, पूर्वेला खिडकी, शांत वस्ती. एकट्या सज्जन माणसास प्राधान्य.”

म्हाताऱ्यांची मान वळली. रेडिओ चालूच होता. बाई घाईघाईने पुढची जाहिरात वाचायला लागल्या, मग तिच्या पुढची. शब्द मात्र सगळे जागच्या जागी पडत होते. म्हाताऱ्यांचा हात चाचपडत रेडिओवर गेला आणि बटण बंद झालं.

“हळू,” ते म्हणाले. “गाडी सुटतेय का?”

बाई थांबल्या. पेपर मांडीवर टेकला. “चार महिने का नको म्हणालात मग?”

“मला वाटायचं, दातओठ खाऊन वाचतेस,” म्हातारे म्हणाले. “जीव ओढून ओढून. म्हटलं, कंटाळली आता. आंधळ्यापुढे किती वर्षं वाचायचं कुणी! म्हणून सोडवलं तुला. मला कुठे आवडतं ते खतांचं?”

“विचारायचं नाही का?”

“तू तरी कुठे विचारलंस?”

बाईंनी डोळे पुसले, चष्मा पुसला आणि पेपर पुन्हा उचलला. “दुसरा मजला,” त्या म्हणाल्या. “पूर्वेला खिडकी.”

“पूर्वेला म्हणजे स्वयंपाकघरात असणार,” म्हातारे म्हणाले. “सकाळी ऊन चुलीवर येईल. नको. पुढची वाच.”

काका उठले, दार ओढून घेतलं आणि बाहेर आले. कुणी त्यांना चहा विचारला नाही, आभार मानले नाहीत. दोघांनाही ते तिथे असल्याचा विसर पडला होता.

घरापर्यंत काका रमतगमत आले नाहीत. सरळ आले. ऊन अजून होतं, काकू खिडकीपाशी होत्या, मांडीवर तेच निळं साटीन. काकांनी चपला काढल्या, हात धुतले आणि पलंगावर न पडता काकूंच्या समोर जमिनीवर बसले. गुडघे करकरले.

“तुझ्या डोळ्यांबद्दल डॉक्टर नेमकं काय म्हणाले?”

“कशाला आता?” काकू सुईकडे न बघता म्हणाल्या.

“मला माहीत नाही म्हणून विचारतोय.”

काकूंची सुई थांबली. त्यांनी काकांच्या दिशेने पाहिलं. ऊन डोळ्यांवर येत होतं, नीट दिसत नसावं. मग त्यांनी सुई पडद्यात टोचून ठेवली.

“उजव्याचं आधी करायला हवं म्हणाले,” काकू म्हणाल्या. “बसा. सगळं सांगते.”